मागास भागांच्या विकासाचा हिशेब विधानसभेत कोण मांडणार?

प्रति,
मा. संपादक,

विषय : वैधानिक विकास मंडळांची संपलेली मुदत आणि तालुकानिहाय वार्षिक अहवालाची गरज

महोदय,

विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्या समतोल विकासावर लक्ष ठेवण्यासाठी १९९४ साली स्थापन झालेल्या तीन वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. टाळेबंदीच्या त्या दिवसांत ही गोष्ट फारशी कुणाला जाणवली नाही, आणि पुढे विधिमंडळात विरोधकांनी मुदतवाढीची मागणी केली, तरी मुदतवाढ काही मिळाली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंडळांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला. मात्र त्यानंतरही प्रकरण रेंगाळतच राहिले. मंडळांना अधिकार तुटपुंजे होते आणि अध्यक्षपदांवरच्या नेमणुका बहुधा राजकीय सोयीने होत, हे आक्षेप मला मान्य आहेत. तरीही मंडळांसोबत आणखी एक गोष्ट बंद पडली आणि तिच्याविषयी कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये मंडळांच्या स्थापनेची तरतूद करतानाच प्रत्येक मंडळाच्या कामकाजाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला जाईल, असे म्हटले आहे. विकासखर्चासाठी निधीचे समन्यायी वाटप आणि तंत्रशिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण व शासकीय सेवेतील संधी यांची समन्यायी व्यवस्था या बाबीही त्याच अनुच्छेदात राज्यपालांच्या विशेष जबाबदारीत येतात. म्हणजे मागास भागाला काय मिळाले हे वर्षातून एकदा तरी सभागृहाच्या पटलावर लेखी येण्याचा घटनात्मक मार्ग उपलब्ध होता. तो मार्ग फारसा वापरला गेला नाही, हा दोष वापरणाऱ्यांचा.

नियोजनाच्या कामात बरीच वर्षे आकडे जुळवलेल्या माझ्यासारख्या निवृत्त कर्मचाऱ्याला या संदर्भात प्रा. वि. म. दांडेकर यांची आठवण होते. १९७१ साली नीलकंठ रथ यांच्यासह देशातल्या माणसांचे दारिद्र्य मोजणारे दांडेकर, आणि १९८४ साली सत्यशोधन समितीचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांचे मागासपण मोजणारे दांडेकर एकच. त्यांच्या समितीने राज्याचा एकूण अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या जिल्ह्यांना राज्याच्या सरासरीपर्यंत आणण्यासाठी लागणारा खर्च, ३,१८६.७८ कोटी रुपये काढला. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ची स्थिती धरून हिशेब केला, तेव्हा हाच आकडा चौदा हजार कोटींच्या घरात गेला. दहा वर्षांत मागास भाग चौपटीहून अधिक मागास झाले, असा याचा अर्थ नाही; मधल्या काळात बांधकामाचे दर वाढले, सुधारलेले जिल्हेही पुढे सरकले आणि त्यांच्याबरोबर मोजपट्टीही सरकली. पण रुपयांत मोजलेला अनुशेष रुपयांतच ‘भरून काढता’ येतो, ही या पद्धतीतली अडचण नंतर स्पष्ट झाली. सिंचनाचा आर्थिक अनुशेष कागदावर दूर झाल्यानंतरही अमरावती विभागातल्या जिल्ह्यांत भौतिक अनुशेष शिल्लकच राहिला, म्हणजे पैसे खर्ची पडले आणि शेत कोरडेच राहिले. डॉ. विजय केळकर यांच्या समितीने २०१३ साली दिलेल्या अहवालात अनुशेषाच्या पलीकडे जाऊन समतोल विकासाचा विचार मांडला खरा. तो अहवाल विधिमंडळात यायलाच वर्षाहून अधिक काळ लागला.

केंद्राकडे पाहावे, तर तिथे योजनेचे नाव बदलले की मागास जिल्ह्यांची यादीही बदलते. २००६-०७ पासून राबवलेल्या मागास क्षेत्र अनुदान निधीत महाराष्ट्रातले बारा जिल्हे होते. ती योजना २०१५ मध्ये गुंडाळली गेली. २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम आला, त्यात आपले चार जिल्हे घेतले गेले : नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि तेव्हाचे उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव. दोन्ही याद्यांत असलेली नावे नंदुरबार आणि गडचिरोली ही दोनच. मग यवतमाळ किंवा हिंगोली मधल्या काळात मागासपणातून बाहेर आले काय? आले असतील तर कशामुळे आले, हे सांगणारा कागद सरकारने काढायला हवा होता, कारण तोच पुढच्या योजनेला उपयोगी पडला असता. आले नसतील, तर त्यांना वगळताना काय पाहिले गेले?

जिल्हा हे एककच मुळात फसवे आहे. नाशिक जिल्ह्याच्या सरासरीत सुरगाणा आणि पेठ बुडून जातात, अमरावतीच्या सरासरीत धारणी आणि चिखलदरा दिसेनासे होतात आणि वसईच्या शेजारी जव्हार-मोखाडा आहे हे पालघरच्या एकत्रित आकड्यांवरून ओळखू येत नाही. ‘उर्वरित महाराष्ट्र’ या सरकारी शब्दाने तर मुंबई आणि नंदुरबार एकाच खात्यात टाकले. या बाबतीत राज्याच्याच मानव विकास कार्यक्रमाने अधिक शहाणपण दाखवले, कारण त्याने तालुका हे एकक धरले आणि पुढे २२ जिल्ह्यांतले १२५ तालुके त्यात आले. त्यातली मुलींसाठीची निळी एसटी ही मला दारिद्र्य निर्मूलनाच्या अनेक मोठ्या घोषणांपेक्षा अधिक मोलाची गोष्ट वाटते. आठवीनंतर शाळा लांब पडते म्हणून घरी बसणारी मुलगी त्या गाडीमुळे बारावीपर्यंत पोहोचू शकते, आणि तिच्या घराचे दारिद्र्य पुढच्या पिढीत हटण्याची शक्यता तिथे तयार होते. परंतु या योजनेचाही आढावा घेताना बसगाड्या किती आणि फेऱ्या किती एवढेच पाहिले जाते. त्या तालुक्यात आठवीत असलेल्या मुलींपैकी बारावीपर्यंत किती पोहोचल्या, हे जोवर वर्षानुवर्षे मोजले जात नाही, तोवर शाळा भरल्यानंतर पोहोचलेली गाडीही सरकारदरबारी यशस्वी फेरीच ठरेल.

आता थोडे निधीविषयी. सुकथनकर समितीच्या शिफारशींनंतर १९९३-९४ पासून आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे नऊ टक्के, योजना निधी आदिवासी विकास विभागाच्या हाती स्वतंत्रपणे देण्याची पद्धत महाराष्ट्राने पाडली. बाहेरच्या राज्यांनीही तिची दखल घेतली. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी आदिवासी विकास आणि सामाजिक न्याय या विभागांच्या तरतुदींतून रक्कम दिली गेली, तेव्हा त्या त्या समाजातल्या लाभार्थी महिलांनाच हा पैसा मिळतो, असे समर्थन झाले. गरीब बाईच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये येणे मी कमी लेखत नाही. ज्या घरात औषधालाही उसनवारी करावी लागते तिथे त्याचे मोल काय, हे शहरात बसून ठरवू नये. पण राज्यभरातल्या प्रत्येक पात्र महिलेला मिळणारा लाभ आणि धडगाव किंवा भामरागडसारख्या दुर्गम आदिवासी तालुक्यातला रस्ता, आश्रमशाळा, आरोग्य उपकेंद्र ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी दुसऱ्याच्या खात्यातून पैसे काढले, तर माणसाच्या नावाची नोंद राहते आणि ठिकाणाच्या नावाची पुसली जाते. शिवाय जे काही उरते, तेही बहुतेक ठिकाणी मार्चअखेरच्या आठवड्यात निधी वितरणाच्या संगणकीय प्रणालीवर येते आणि एप्रिल उजाडण्यापूर्वी खर्ची दाखवावे लागते. हा प्रकार मी जवळून पाहिला आहे. अशा घाईत जी कामे मंजूर होतात ती गरजेची नसतात, तयार अंदाजपत्रकांची असतात.

रोजगार हमीचा कायदा या राज्याने १९७७ साली केला, त्यात हजेरीपट होता. कामावरचा निरक्षर मजूरसुद्धा आपले नाव कुणाकडून तरी वाचून घेई आणि दिवस कमी लागले असतील तर भांडे. प्रादेशिक विकासाच्या निधीला असा हजेरीपट नाही, आणि तो तयार करण्यासाठी मंडळांच्या पुनर्गठनाची वाट पाहण्याचेही कारण नाही. मंडळे यथावकाश येवोत. तोवर नियोजन विभागाने निदान मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे ठेवावा. प्रत्येक तालुक्यासाठी मंजूर रक्कम, प्रत्यक्ष वितरित रक्कम, मार्च महिन्यात झालेला खर्च, दुसरीकडे वळवलेली किंवा न वापरता परत (समर्पित) केलेली रक्कम, आणि त्यासमोर मुलींची बारावीपर्यंतची गळती, कुपोषित बालके व ओलिताखालचे क्षेत्र एवढे रकाने त्यात असले तरी पुरेसे आहे. ही माहिती वेगवेगळ्या विभागांकडे तुकड्यातुकड्यांनी आजही असते. अहवाल मराठीत असावा आणि त्यातले आपल्या तालुक्याचे पान त्या त्या पंचायत समितीच्या फलकावर लावले जावे, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून शासनाकडे करीत आहे.

आपला,
एक निवृत्त शासकीय कर्मचारी