निफाडची जमीन विकायची नाही, असे ठरवले आहे

पुणे, गुढीपाडवा

तीर्थरूप बाबा आणि तीर्थस्वरूप आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आले असते, पण फोनवर बाबा "बरं, बरं" म्हणून विषय मिटवतात आणि आईचा आवाज भरून आला की मला पुढे बोलवत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. निफाडची जमीन विकून आमच्या फ्लॅटची सुरुवातीची रक्कम भरायची, असे तुम्ही मनाशी पक्के केले होते. तो बेत आम्ही दोघांनी थांबवला आहे. बिल्डरला नकार कळवला आहे, आणि जमिनीच्या गिऱ्हाइकाला तसा निरोप द्यायला अण्णाकाकांनाही सांगितले आहे. तुम्हाला आधी विचारले असते तर तुम्ही आमच्यासाठी हट्टाने ती विकलीच असती, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. आईच्या पाटल्यांचे काय झाले ते मी विसरलेले नाही.

बाबा, यात तुमच्या मायेचा अव्हेर झाला असे कृपा करून मानू नका. आम्ही आकडे मांडून पाहिले. ५० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता ४३ हजारांच्या वर जातो आणि फेड पूर्ण होईपर्यंत १ कोटी ४ लाखांच्या आसपास रक्कम भरलेली असते. ह्यांच्या कंपनीत गेल्या वर्षी माणसे कमी केली. ह्यांची नोकरी सुरक्षित आहे, तुम्ही काळजी करू नका. पण वीस वर्षांचा हप्ता मानेवर असताना दोनच महिने पगार थांबला तरी घर डळमळते. भाड्याच्या घरात आम्ही सुखात आहोत. हवा, उजेड, पाणी सगळे आहे, बाजार जवळ आहे, आणि आईला जिना चढावा लागणार नाही अशी तळमजल्यावरची खोली तुमच्यासाठी कायम तयार असते.

बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही अठरा वर्षांचे होता आणि पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होता. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी आणि लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढल्याचे तुम्ही आम्हाला जेवताना सांगायचे, आणि दादा ताटात भाकरी टाकून उठला की तुम्ही काही न बोलता ती स्वतः खायचा. त्या वर्षी आजीने घरातले सगळे विकले, पण जमीन विकली नाही. माझा निर्णय तिथूनच आलेला आहे. पुढचा काळ कठीण जाईल की नाही हे मी सांगू शकत नाही, पण गेला तर ज्या घरात कर्ज नाही, कोठीत वर्षाचे धान्य आहे, आडात पाणी आहे आणि शेजारी हाकेला धावून येतात, ते घर तग धरते, इतके मला खात्रीने वाटते.

आता शेताविषयी. दोन्ही एकर कांद्याखाली ठेवणे मला पटत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा लासलगावला भाव कसे कोसळले आणि अण्णाकाकांच्या चाळीतला कांदा कसा पडून राहिला, ते आपण पाहिले. आणि त्याच्या कितीतरी आधी गारपिटीने द्राक्षबाग गेली, तेव्हाही घरात दुसरे पीक नव्हते. येत्या वर्षी एक एकर कांदा राहू द्या. दुसऱ्या एकरात पावसाळी बाजरी, तूर, मूग आणि हुलगे घेऊ, आणि तूर वगळून मोकळ्या झालेल्या जागेत रब्बीला गहू. पाणी नीट मिळाले तर अर्ध्या एकरातून पाच-सहा क्विंटल गहू निघतो, आणि आपल्या दोन्ही घरांना वर्षाला त्याहून जास्त लागत नाही. बांधावर शेवगा आणि कढीपत्ता लावा. बियाणे दरवर्षी दुकानातून आणण्यापेक्षा गावरान वाण जपावे, असे मला फार वाटते. आपल्या शेजारच्याच अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी घरात देशी बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आई, तुझ्या डब्यांतले वाल आणि घेवड्याचे बी तसेच राखेत घोळून ठेव, कुणाला देऊन टाकू नकोस.

नाशिकच्या घराची गच्ची साधारण शंभर चौरस मीटरची आहे. तिच्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी होते. आपल्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे बरेच वाया गेले तरी पन्नास हजार लिटर पाणी आडात आणि जमिनीत उतरवता येईल. जूनच्या आत पन्हळ, नळी आणि वाळू-खडीचा गाळणखड्डा करून घ्यायचा आहे, त्याचा खर्च आम्ही करणार आहोत आणि त्यावर वाद नको. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी बाहेर सोडून द्यायचे, गच्ची धुऊन निघाल्यावरच नळी आडाकडे वळवायची.

आई, धान्याची जबाबदारी तुझीच, कारण तुझ्याइतके नीट कुणी भरत नाही. गव्हाला कडक ऊन दाखवून तो पूर्ण निवल्यावरच कोठीत घाल, थराथरात सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला टाक, डाळींना एरंडेल तेलाचा हात लाव. पाऱ्याच्या गोळ्या मात्र अजिबात घालायच्या नाहीत. नागली आणि इंद्रायणी तांदूळ इगतपुरीकडून दादा आणील. कुरडया आणि सांडगे यंदा तू एकटीने करायचे नाहीत. गुडघ्यांवर जोर येतो, आणि मी मे महिन्यात येणारच आहे. तू चीक ढवळताना मी वाटी घेऊन चुलीपाशी बसायची आणि तू तूप-मीठ घालून पहिला घास मला द्यायचीस, तो घास मला अजून हवा आहे.

कॉलनीतल्या भिशीविषयी एक सुचवते. दर महिन्याला जमणाऱ्या रकमेतला थोडा भाग अडीअडचणीसाठी वेगळा ठेवा, म्हणजे कुणाच्या घरी आजारपण आले किंवा कुणाची नोकरी गेली तर बिनव्याजी देता येईल. २०२० च्या टाळेबंदीत अण्णाकाकांचा भाजीचा टेम्पो दारात आला आणि सगळ्या कॉलनीने वाटून घेतले, तशी खरेदी वर्षातून दोनदा ठरवून करा. तेल, डाळी, गूळ एकत्र आणले तर स्वस्त पडते, शिवाय शेतकऱ्यालाही चार पैसे जास्त मिळतात. हिवरे बाजारात पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने सारे गाव दरवर्षी एकत्र बसून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि मग पिके ठरवते. एका कॉलनीला एवढे एकत्र बसणे जड जाऊ नये.

बाबा, आता थोडे कठोर बोलते, राग मानू नका. पतसंस्थेत ठेवलेली मोठी रक्कम मुदत संपताच बँकेत हलवा. तिथली माणसे ओळखीची आणि भली आहेत, याबद्दल मला शंका नाही. पण बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून एका ठेवीदाराच्या ५ लाख रुपयांना ठेव विम्याचे संरक्षण असते (फेब्रुवारी २०२० पर्यंत ते फक्त १ लाख होते), आणि पतसंस्थांना हे संरक्षण लागू नाही. रक्कम दोन बँकांत विभागून ठेवा. पंधरा दिवसांचा खर्च भागेल इतकी रोकड घरात असू द्या, आणि ती कुठे आहे ते दोघांनाही ठाऊक असू द्या.

तुम्ही सत्तरी ओलांडली आहे, तेव्हा आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, योजनेतल्या रुग्णालयांत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. आधार कार्ड घेऊन दादा तुम्हाला नेईल. "मला काय झालंय" असे म्हणून टाळू नका. रक्तदाबाच्या गोळ्या नेहमी महिनाभराच्या जास्तीच्या घरात ठेवा आणि जुन्या आधी संपवा.

गिऱ्हाइकाकडून विसार घेतलेला नाही, असे अण्णाकाका म्हणाले. तरीही तुम्ही स्वतः एकदा त्यांच्याशी गोडीत बोला, म्हणजे दिलेल्या शब्दाचे ओझे तुमच्या मनावर राहणार नाही. सातबाऱ्याचा नवा उतारा काढून दादाकडे द्या, आणि गाळणखड्ड्यासाठी गवंडी कधी मोकळे आहेत ते विचारून ठेवा.

तुमची लाडकी,
छोटी