माझ्या भावाच्या दहा बोटांची शाई

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

गेल्या मंगळवारी रात्री दोन वाजता माझ्या धाकट्या भावाला घरातून उचललं. शेजारच्या गावात घरफोडी झाली होती. तो 19 वर्षांचा, आयटीआयला इलेक्ट्रिशियनचं शिकतो. दोन रात्री ठाण्यात बसवला, दहाही बोटांचे ठसे घेतले, गुरुवारी संध्याकाळी "जा" म्हणून सोडला. हातात कागद एकही नाही. गेल्या विमुक्त दिनाला, 31 ऑगस्टला, आमच्याच वस्तीवर एका अधिकाऱ्यांनी माइकवरून शब्द दिला होता, की रात्री-अपरात्री पारध्याच्या पोराला कुणी उचलणार नाही. माझ्या आईने त्यांना ओवाळलं होतं.

"अटक केलीच नव्हती," असं आता सांगतात. मी कायदा शिकते, म्हणून विचारते. अटक नव्हती, तर 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने ठसे घेतले कसे? अटक होती, तर 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे का नेलं नाही? संविधानाचं 22वं कलम आमच्या वस्तीच्या अलीकडेच संपतं का?

आमच्यासाठी ठसे नवे नाहीत. 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा आला. सुताराचा मुलगा सुतार होतो तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार, असं व्हाइसरॉयच्या कौन्सिलात जेम्स स्टीफन यांनी मांडलं आणि अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. 1911 च्या कायद्याने बोटांचे ठसे घ्यायचा अधिकारही दिला. माझे पणजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या आत वाढले. ठरल्या वेळी हजेरी, बाहेर पडायला पास. 1952 साली कायदा रद्द झाला, आम्ही 'विमुक्त' झालो. मागोमाग 'सराईत गुन्हेगार' कायदे आले. पोलिसांच्या वहीवरचं नाव बदललं, वहीतली माणसं तीच राहिली.

वर्गात आम्ही डेरिक बेल शिकलो. अमेरिकेतले कृष्णवर्णीय कायदेपंडित. गोऱ्यांचं हित जुळतं तेव्हाच काळ्यांच्या पदरात हक्क पडतो, असं त्यांनी 1980 साली लिहिलं. त्या रात्रीपासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. आमच्याशी कुणाचं हित जुळावं, साहेब? दहा पालं इथे, पाच तिथे. निवडून आणायला किंवा पाडायला आम्ही पुरत नाही. विमुक्त-भटक्यांसाठी नेमलेल्या रेणके आयोगाने 2008 साली अहवाल दिला, मग इदाते आयोगाने दिला. कपाटं भरली. तपास लागत नाही तेव्हा मात्र पारधी लगेच सापडतो, कारण कुणाला उचलायचं हे वहीत आधीच लिहिलेलं असतं. एका हवालदाराला निलंबित करून ही वही फाटणार नाही. ती ठाण्यात आहे, शाळेच्या दाखल्यावर आहे, खोली भाड्याने देणाऱ्याच्या नजरेत आहे.

3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या जातिभेदाच्या निकालात पोलिसांना बजावलं, की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होता कामा नये. तो निकाल आमच्या तालुक्यापर्यंत पोचायला किती वर्षं लागणार?

मागणं एवढंच आहे. शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला, तर त्याच्या ठशांची नोंद नष्ट करावी, असं 2022 च्याच कायद्यात लिहिलंय. ती नष्ट केल्याचा सही-शिक्क्याचा कागद आम्हाला द्या. भाऊ शुक्रवारी रॉकेलने बोटं घासत बसला होता. कागद हातात आल्याशिवाय आयटीआयला जाणार नाही म्हणतो, आणि पुढच्या महिन्यात त्याची परीक्षा आहे.

आपली,
विधी शाखेची एक पारधी विद्यार्थिनी