स्क्रीन धुवायला थिनरच कशाला?
संपादक साहेब,
लग्नसराई आली की आमच्या गल्लीतल्या स्क्रीन प्रिंटिंगच्या, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून (स्क्रीनमधून) शाई दाबून छापायच्या दुकानांत थिनरचा वास नाकात बसतो, मी स्वतः कित्येक वर्षं उघड्या हाताने चिंधी बुडवून स्क्रीन पुसल्या, संध्याकाळी डोकं जड झालं की म्हणायचो चहा कमी पडला! थिनरमधलं टोल्युइन ठिणगीने भडकतं, आणि आमचा हीटर शेजारीच. बरं, थिनरने शाईच निघते, इमल्शन (जाळीवर डिझाइन धरून ठेवणारा थर) नाही, त्यासाठी सोडियम मेटापरआयोडेट पाण्यात कालवून लावायचं, पण जाळीवर सुकू द्यायचं नाही, नाहीतर इमल्शन कायमचं बसतं. टी-शर्टची वॉटर बेस शाई तर ओली असताना साध्या पाण्यानेच जाते. इमल्शन काढायला काहीजण ब्लीच वापरतात, त्यात ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू होतो. डब्यावर हे मराठीत छापायला कंपन्यांना काय जड जातं?
– एक स्क्रीन प्रिंटर, सोलापूर