मुंबयकारांक काय कमी

मुंबई, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय बाबल,

दिवाळीत फोन नाही, तुझ्या मेसेजला उत्तर नाही. शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मग वाच. इकडे सगळे बरे. शुगर आहे तिथेच आहे, गोळी चालू.

पत्राचं कारण देवळाच्या कामाची वर्गणी. फोनवर बोललो असतो, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि तात्या कायम झोपाळ्यावर.

गावच्या सभेचा ठराव मिळाला. मुंबईच्या चुलीमागे, म्हणजे घरटी, १५,००० आणि गावच्या चुलीमागे ३,०००. इकडच्या चुली ६२, तिकडच्या ४८. म्हणजे १०,७४,००० पैकी ९,३०,००० इकडून यायचे. ठराव होताना 'मुंबयकारांक काय कमी?' कोण म्हणालं असेल ते तू सांगायला नको. पण खरी गंमत इकडे झाली. गावाच्या मुंबईतल्या मंडळाच्या सभेत ठराव वाचून दाखवला, कुणाची हरकत आहे का विचारलं. एक हात वर नाही. उलट मागून आवाज आला, 'पंधरा कशाला, वीस करा!' आणि दुसऱ्या दिवसापासून खजिनदाराचा फोन वाजायला लागला. 'हप्त्यान चलात काय? कोणाक सांगू नको.' 'वीस करा'वाल्याचा फोन सगळ्यांत आधी.

हे तुलाच कळेल. तू दोन्हीकडे राहिला आहेस. भांडूपची खोली विकून गेलास तेव्हा आपलं वाजलं होतं ते सोड. खोली स्वस्तात विकलीस, हे माझं मत अजून तेच आहे.

गावाला वाटतं मुंबईकर म्हणजे एकच माणूस. यादी समोर ठेवली की तो फुटतो. बीडीडी चाळींतले घे. १४ ऑगस्टला वरळीत ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, चाळीस मजली इमारत, ५०० चौरस फूट, गावात सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. झालं, बीडीडीवाले कोट्यधीश. आपले सगळे नायगावचे आणि ना. म. जोशी मार्गाचे, त्यांच्या हातात अजून चावी नाही. १६० फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढल्या, आता मिळेल ते घर हक्काचं, हे खरं. पण त्याची किंमत हातात यायची तर ते विकायला हवं, आणि विकलं तर राहायचं बदलापूरला. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचा खर्च मात्र विकल्याशिवायच सुरू होतो.

पागडीवाल्यांचं तर गावाला समजावताच येत नाही. लालबागला, गिरगावात 'घर' आहे म्हणतात, भाडं काही शे रुपये, म्हणजे मजा. पण तो मालक नाही, सुरुवातीला मोठी रक्कम (पागडी) देऊन राहिलेला भाडेकरू आहे. खोली दुसऱ्याच्या नावावर करायची तर घरमालकाची सही लागते, आणि सहीचा भाव ढोबळमानाने येणाऱ्या रकमेचा तिसरा हिस्सा. इमारत जुनी, उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी. जिन्याला टेकू लावलेले. मालक दुरुस्ती करत नाही, म्हाडाचं दुरुस्ती मंडळ येईल तेव्हा येईल. बँक या खोलीवर कर्ज देत नाही. दादरच्या पत्त्यावर राहणारा माणूस पोरीच्या कॉलेजसाठी पतपेढीचं जास्त व्याज भरतो, ते यामुळे.

आणि उरलेले, म्हणजे अर्ध्याहून जास्त, नालासोपारा-विरार नाहीतर बदलापूर-टिटवाळा. पत्रिकेवर सगळ्यांच्या नावापुढे 'मुंबई' छापतो आपण. नालासोपाऱ्याला या वर्षीच्या सुरुवातीपर्यंत ४१ बेकायदा इमारती पाडल्या. तिथे घर घेताना बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र बघायला हवं होतं, बरोबर. पण दाखवलेला कागद खोटा असला तर सामान्य माणसाला तो महापालिकेत जाऊन ताडून घ्यायचं सुचत नाही. राष्ट्रीयीकृत बँक कर्जाला नाही म्हणते तेव्हाच ओळखायला हवं असतं. तिथे माणूस बँकेला शिव्या देतो आणि खासगी फायनान्स गाठतो.

विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर, फास्ट लोकलने दीड तासाच्या आसपास. तेही चढता आलं तर. नालासोपाऱ्याचा माणूस बसायला मिळावं म्हणून आधी उलटा विरारला जातो, त्याच गाडीने परत येतो. तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळाली तरी देव पावला. सिक्युरिटीची ड्युटी बारा तासांची, वर जाण्या-येण्याचे चार. त्याला गावचा कोणी फोन करून म्हणतो, 'मुंबईत आलोय, भेट,' आणि तो म्हणतो, 'दादरला पुलावर ये.' गावात लगेच बोभाटा, मुंबईचा माणूस घरी बोलवत नाही, चहाला विचारत नाही. कुठे बोलवणार? पाहुणा राहिला तर एकाला झोपायला कॉमन पॅसेजमध्ये जावं लागतं. पाणी पहाटे तासभर येतं, तेवढ्यात पिंप भरायचं. एक माणूस वाढला की कोणाची तरी आंघोळ चुकते. दादरचा पूल दोघांना सारख्या अंतरावर पडतो, एवढाच त्यातला विचार.

आता तू म्हणणार, मग गणपतीत ही ऐट कुठून येते? तेच सांगायला बसलोय. मुंबयकार गावाला दिसतो वर्षातले आठ-दहा दिवस, आणि त्या दिवसांचं बजेट बारा महिन्यांचं असतं. पुढच्या वर्षी चतुर्थी १४ सप्टेंबरला. १२ तारखेच्या गाडीचं आरक्षण साठ दिवस आधी, १४ जुलैला सकाळी आठला उघडेल. सुरुवातीच्या वेळेत ऑनलाइन तिकीट फक्त आधार पडताळलेल्या खात्यावरून निघतं. ज्याने पडताळणी केली नाही त्याच्यापुढे थेट वेटिंग लिस्ट. मग तत्काळ, एसीला दहा आणि स्लीपरला अकरा वाजता. ते हुकलं की गल्लीतून एसटीची गट आरक्षणाची गाडी, नाहीतर खासगी बस, जिचा भाव त्या आठवड्यात दुप्पट-तिप्पट. तिथून माटवी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची सजावट), भजनाच्या बाऱ्या, प्रत्येक बारीला उसळ-पाव आणि चहा, पोरांना नवे कपडे, भावाच्या हातात घरपट्टी आणि कौलं शेकारायचे पैसे. बोनस त्यात जातो, भिशी त्यासाठीच लावलेली असते. गावाला दिसते उसळ. भिशीचा हप्ता कोणी बघत नाही. मी यात गावाला दोष देत नाही. दाखवणाराच दाखवत असेल तर बघणाऱ्याने काय डोळे मिटायचे? 'कदी इलंस, कदी जातलंस' एवढ्या दोन प्रश्नांत माणसाची परिस्थिती कळत नसते.

यात जुना हिशोबही आहे. गिरणीच्या काळात एका गाळ्यात वीस-पंचवीस माणसं पाळीपाळीने झोपायची, खानावळीत जेवायची, म्हणून मनिऑर्डर मोठी जायची. पगार मोठा होता म्हणून नव्हे. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला आणि गंगा उलटी वाहिली. तांदूळ, कुळीथ, सोलं गावाहून इकडे यायला लागली. नानांना विचार, पोती कोणी भरली होती. पण गावाच्या डोक्यात मनिऑर्डर राहिली, पोती गेली. २०२० मध्ये तर हाच पैसेवाला मुंबयकार रोग घेऊन येणारा झाला, वेशीवर झाडं आडवी टाकली आणि चौदा दिवस शाळेत ठेवला. शाळेचं छप्पर कोणाच्या वर्गणीचं होतं ते मी तेव्हाही बोललो नाही. आता बोललो.

बरं, गावाचं म्हणणं खोटं नाही, तेही लिहितो, नाहीतर तू पत्र इथेच फाडशील. सातबाऱ्यावर आमची नावं आणि कसायला कोणी नाही. तुला विहिरीवर पंपाचं कनेक्शन हवं, फळबागेचं अनुदान हवं, तर सहहिस्सेदारांची संमतीपत्रं लागतात, आणि सहहिस्सेदार भांडूपपासून बोईसरपर्यंत पसरलेले. देवळाच्या कामातही वाळू, चिरे वाहणार तुम्ही, गवंड्याला जेवण घालणार तुम्ही. ते ठरावात धरलेलंच नाही! घरटी आठ दिवस श्रमदान, दिवसाला ५०० धर, तर ४,००० झाले. अधिक ३,०००. म्हणजे गावची चूल ७,००० देते. पाचपट वाटतं ते अंतर दुपटीवर येतं. हा हिशोब फलकावर लागला तर इकडच्यांची अर्धी कुरकुर थांबेल, आणि गावालाही आपण काय देतो ते कळेल.

माझी सूचना ऐक. श्रीमंत-गरीब अशा पायऱ्या करू नका. पायरी लावायची तर प्रत्येकाला आपली परिस्थिती सांगावी लागेल, आणि हे लोक पंधरा हजारांसाठी कर्ज काढतील पण ते सांगणार नाहीत. त्यापेक्षा बंद पाकीट. कमीत कमी ३,०००, म्हणजे गावाएवढेच, पुढे ज्याची त्याची ऐपत. पाकिटं दोघांनीच उघडायची, खजिनदार आणि हिशोब तपासनीस. सभेत फक्त एकूण रक्कम सांगायची. गाडी अडेल ती इथे. पाकिटात सगळ्यांनी तीन-तीनच टाकले तर १,८६,००० च होतात. म्हणून दोन फेऱ्या. पहिली डिसेंबरात. तूट किती ते जाहीर केलं की दुसऱ्या फेरीत ज्याला जमतं तो वाढवतो. ज्यांना पंधराच द्यायचे आहेत त्यांना डिसेंबर ते एप्रिल पाच हप्ते, ३,००० चे. मिस्त्रीलाही पैसे टप्प्याटप्प्यानेच लागतात. आधी लाकूड आणि कौलं, सभामंडपाची फरशी शेवटी. मिरगाआधी, म्हणजे पाऊस लागायच्या आधी, छप्पर चढलं म्हणजे झालं.

पावतीवर आणि खातेवहीत नाव-रक्कम लिहावीच लागेल. देवस्थान नोंदणीकृत आहे, ऑडिट चुकत नाही. पण रकमा लाउडस्पीकरवर वाचू नका आणि संगमरवरावर कोरू नका. सगळी भानगड त्या माईकपासून सुरू होते. '५,००१' पुकारले की पुढचा ५,५०१ म्हणतो, आणि घरी जाऊन बायकोशी भांडतो. फलकावर नुसती नावं, अकारविल्हे, मुंबई आणि गाव वेगळे न करता. तात्या भडकतील, कारण माईक त्यांच्याकडे असतो. त्यांना आरत्या म्हणायला द्या.

तुझं काय? काजूची कलमं लागली का? मयूरीची बारावी यंदा ना? कॉलेजसाठी इकडे पाठवायची असेल तर आधी कळव, खोलीचं बघायला वेळ लागतो. वहिनींना सांग, कुळथाचं पीठ पोचलं. काकींचा गुडघा कसा आहे?

पावती पुस्तकं दोन पाठव, शिक्का मारून. सभेत सूचना मांडशील ती तुझी म्हणून मांड, माझं नाव घेऊ नकोस. मुंबईवाल्याने सुचवलंय कळलं की पडलीच समज.

तुझा
सुरेश