विमान उतरलं की कळव

आई, बाबा,

आज फोन नाही करत, लिहितेच, बोलायला गेले तर रडू येईल. परवा इथे लंडनमधल्या किंग्स्टनच्या दफनभूमीत गेले होते, सिरिल बार्टनच्या थडग्याशी. दुसऱ्या महायुद्धात हॅलिफॅक्स बॉम्बरचा पायलट होता, वय २२. दादाचा धाकटा आत्ता एवढाच आहे ना गं, अजून सकाळी चार हाका माराव्या लागतात त्याला.

३० मार्च १९४४ च्या रात्री ब्रिटिशांची ७९५ विमानं न्युरेंबर्गवर निघाली, लख्ख चांदणं होतं, जर्मन फायटर्सनी त्यांना टिपून काढलं, ९५ परत आलीच नाहीत. बार्टनच्या विमानावर टार्गेटच्या आधीच हल्ला झाला, इंधनाच्या टाक्या फुटल्या, इंटरकॉम बंद. बोलता येईना म्हणून इशाऱ्यांत गोंधळ झाला आणि तिघांनी पॅराशूट घेऊन उड्या मारल्या, त्यात नेव्हिगेटर पण गेला, म्हणजे रस्ता सांगणाराच नाही. तरी हा पुढे गेला, बॉम्ब स्वतः टाकले, आणि तसंच मोडकं विमान साडेचार तास चालवत इंग्लंडपर्यंत आणलं. किनारा आला तोवर इंधन संपत आलेलं, चारातलं एकच इंजिन चालू, समोर घरं. ती चुकवता चुकवता रायहोपच्या कोळसा खाणीजवळ विमान आदळलं. सोबतचे तिघे वाचले, हा गेला. कामावर निघालेला एक खाणकामगारही गेला बिचारा. आणि बाबा, खाली न्युरेंबर्गमधे पण माणसंच होती, तेही डोक्यातून जात नाहीये, पण म्हणून ह्या पोरासाठी जीव तुटायचा थांबत नाही.

त्याने आईसाठी आधीच पत्र लिहून ठेवलं होतं, मी गेलो तर द्या म्हणून. तिथेच अडकलेय मी दोन दिवस.

आई, मागच्या वेळी हीथ्रोला उतरल्यावर मी मेसेज करायचा विसरले आणि घरी येऊन सरळ झोपले. तू पहाटेपर्यंत हॉलमधे, चार्जरला लावलेला फोन मांडीवर घेऊन बसलेलीस, बाबांनी नंतर सांगितलं. आणि मी वर तुझ्यावरच चिडले, विमानं काय रोज पडतात का म्हणून. नको होतं गं बोलायला. चुकलं माझं.

जानेवारीत येतेय. मुंबईला चाकं टेकली की पट्टा सोडायच्या आधी तुला मेसेज करीन, तोवर जागी राहिलीस तरी मी काही म्हणणार नाही.

तुमची,
मनू