नक्कल नको, रीत दाखवा

महोदय,

शाळेच्या चित्रप्रदर्शनात जगप्रसिद्ध चित्रकार दिसले की बरे वाटते. जवळ जाऊन पाहिले की मात्र भिंतीवर व्हॅन गॉगच्या ‘तारांकित रात्री’च्या तीस नकला असतात. तीसही सारख्या, आणि आभाळातली वेटोळी बाईंनी किंवा सरांनी आधीच पेन्सिलीने आखून दिलेली. मुलाच्या वाट्याला उरते ते रेघेच्या आत रंग भरणे. पहिली ते पाचवीच्या मुलाला चित्रकाराचे चित्र नको, त्याची कामाची रीत हवी. रंग आधी की आकार आधी, हातात हत्यार कोणते, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

सुरुवात घरातून करावी. आपल्याकडे वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची गोधडी, नसलेले घर विरळा. कन्नडमध्ये हीच कौदी. वर्गात एक जुनी वाकळ अंथरावी, मुलांना भोवती बसवावे आणि तीनच प्रश्न विचारावेत. हा तुकडा कशाचा असेल? टाका कुठून सुरू झाला असेल? डोळा आधी कुठे जातो? उत्तर मराठीत येवो, कन्नडमध्ये येवो की कोकणीत, फळ्यावर तसेच लिहावे. मग हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायकांच्या वाकळीचा फोटो दाखवावा. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आले. या बायका कडेपासून ठिगळे जोडत, फिरत फिरत मध्यावर येतात आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांचे ‘फूल’ बसवतात. त्याशिवाय वाकळ पुरी झाली असे त्यांना वाटत नाही. आफ्रिका नकाशात दाखवायची ती यानंतर, आधी नाही.

इथून पनामा देशातल्या गुना आदिवासी बायकांचा ‘मोला’ अगदी जवळ आहे. कापडाचे थर एकावर एक ठेवायचे आणि वरचा थर कापून खालचा रंग दाखवायचा. वर्गात हे घोटीव कागदाच्या तीन रंगांत होते. मुले तिन्ही कागद एकत्र धरून कापतात आणि सगळ्यांना एकच भोक पडते; नेहमी होणारी चूक हीच. म्हणून वरचा कागद एकटा कापायला द्यावा. तो दुसऱ्यावर ठेवून, कडेपासून बोटभर आत, दुसऱ्याचे भोक आखावे. सगळ्यात खालचा कागद कापायचाच नाही. तिन्ही नीट बसतात हे पाहिल्यावरच खळ लावावी.

फ्रेंच चित्रकार आन्री मातिस यानंतर आणावा. १९४१ साली त्याच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. पुढची बरीच वर्षे त्याने खाटेवर आणि चाकाच्या खुर्चीत बसून कात्रीने काम केले. मदतनीस कागद रंगवून ठेवत आणि तो पेन्सिलीची रेघ न मारता सरळ रंगीत कागदात कात्री घाली. ही रीत मुलांना जशीच्या तशी देता येते. तीस मुलांसाठी पाठकोरे तीस कागद आणि पोस्टर रंगाचे पाच रंग, प्रत्येकी साधारण ५० मिलिलिटर, पुरतात. रंगात पाणी बेताचे घालावे. कागद शुक्रवारी रंगवावेत आणि सोमवारी कापावेत. खानापूरच्या पावसात एका दिवसात रंग वाळत नाही, आणि ओलसर कागद कात्रीत फाटतो. वाळताना कागदाची गुंडाळी होते, कारण रंगवलेली बाजू आखडते. उलट्या बाजूने ओला फडका हलकेच फिरवून, पाठ्यपुस्तकांच्या ढिगाखाली रात्रभर दाबला की कागद सरळ होतो.

कात्र्या बोथट टोकाच्या घ्याव्यात. दहा असल्या तरी भागते: दहा मुले कापतात, दहा तुकडे मांडून पाहतात, दहा चिकटवतात. कात्री स्थिर धरून कागद फिरवायचा, हे पहिल्या पाच मिनिटांत शिकवले नाही तर गोलाऐवजी करवतीचे दात निघतात. डावखुऱ्या मुलाला साध्या कात्रीत कापण्याची रेघ दिसत नाही. त्याला वेंधळा म्हणू नये, शाळेत डावी कात्री एक तरी असावी. खळीसाठी चार चमचे मैदा एक कप थंड पाण्यात कालवावा, मग दोन कप उकळत्या पाण्यात ओतून घट्ट होईपर्यंत ढवळावे. उलट केले की गुठळ्या होतात. पुस्तके बांधणारे खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे, मुलांच्या खळीत घालू नये. खळ दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी.

मातिसची कागदी तुकड्यांची ‘गोगलगाय’, १९५३ सालची, सुमारे २.८७ मीटर लांब आणि जवळजवळ तेवढीच रुंद आहे. जपानचा चित्रकार होकुसाई याचे सुप्रसिद्ध लाटेचे चित्र आहे फक्त २५ बाय ३७ सेंटिमीटर, म्हणजे वहीची दोन पाने शेजारी ठेवल्याएवढी. दोन्ही मापे मुलांकडूनच पट्टीने मोजून व्हरांड्यात खडूने आखून घ्यावीत. मोबाईलच्या पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. तीस मुलांना चित्र दाखवायला मोबाईल तसाही निरुपयोगी. त्यापेक्षा एक मोठी रंगीत छापील प्रत बरी.

होकुसाईची लाट लाकडी ठशांनी छापलेली आहे, म्हणून तिथे ठसे करायला शिकवावे, लाट काढायला नव्हे. बटाटा अर्धा कापून शिक्षकांनीच खाच पाडून द्यावी आणि तो फडक्यावर दहा मिनिटे पालथा ठेवावा. त्यातले पाणी निघाले नाही तर रंग पातळ होऊन पसरतो. अक्षर कोरले तर उलटे उमटते. हे आधी सांगू नये, मुलांना फसू द्यावे. घानामध्ये भोपळ्याच्या कवचावर कोरलेल्या अदिंक्रा ठशांनी कापड छापतात, त्याची जागाही इथेच.

व्हॅन गॉग शिकवायचाच असेल तर त्याचा जाड रंग शिकवावा. एक चमचा पोस्टर रंगात दोन चमचे खळ मिसळली की रंगाला अंग येते. पुठ्ठ्यावर लावून त्यात जुना कंगवा ओढावा. साध्या पातळ रंगात कंगव्याच्या रेघा लगेच भरून येतात. वहीच्या कागदावर हा प्रयोग करू नये, कागद भिजून भोक पडते.

वारली आणि ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींची ठिपक्यांची चित्रे यांबाबत जरा सांभाळून. वारलीत लग्नाचा चौक असतो, त्यात पालघाट देवी असते, सवाशिणी तो लिहितात. ‘काड्यांची माणसे’ म्हणून तो शिकवणे हा अडाणीपणा आहे. ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या वस्तीत १९७१ पासून ही चित्रे फळ्यांवर आणि कॅनव्हासवर उतरू लागली, पण त्यातल्या काही खुणा ठरावीक घराण्यांच्याच असतात. त्या उतरवून घेऊ नयेत. जमीन वरून पाहण्याची दृष्टी मात्र जरूर घ्यावी: घर ते शाळा ही वाट, विहीर, उसाचा फड, ओढा, सगळे पक्ष्याला दिसेल तसे, ठिपक्यांनी. कापूसकाडी प्रत्येक रंगाला वेगळी द्यावी, नाहीतर तिसऱ्या ओळीपर्यंत सगळे मातकट होते. गेरूवर पांढरा रंग द्यायचा तर गेरू पुरता वाळू द्यावा, घाईत पांढऱ्याचा गुलाबी होतो.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा अर्धे पान एका चित्राला द्यावे, शेजारी त्याचे खरे माप आणि ते कशाने केले एवढ्या दोन ओळी. लांबच्या वाडीवरच्या शाळेला कात्रण भिंतीवर लावता येईल. होकुसाईचे निधन १८४९ साली झाले, तिथे छापण्याच्या हक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, प्रश्नच नाही. मातिसच्या निधनाला २०१४ साली ६० वर्षे पूर्ण झाली, आपल्या कायद्यातली मुदतही तेवढीच आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे २०१८ साली गेले. त्यांचे चित्र छापायचे झाल्यास कुटुंबीयांची परवानगी आणि मानधन, दोन्ही हवे.

– प्राथमिक शाळांतील काही कलाशिक्षक, बेळगाव-खानापूर