रमजानच्या आधी वजूखाना उभा राहिला पाहिजे : मशीद कमिटीचं सगळ्यांना आवाहन

अस्सलामु अलैकुम आणि नमस्कार. वाड्यावरचे सगळे भाऊ-बहिणी, साखळी-डिचोलीत राहायला गेलेली आपली मंडळी, दुबई-कुवेत-बाहरीनला असलेली आणि तारवटी म्हणून बोटीवर फिरणारी आपली मुलं, आणि मशिदीच्या आजूबाजूचे आपले हिंदू-ख्रिश्चन शेजारी, तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहितोय. जरा लांब झालंय पण पूर्ण वाचा, अर्ध्यावर सोडू नका.

यंदा रमजान फेब्रुवारीत लागतोय. चांद दिसला की त्याच रात्रीपासून तरावीह सुरू, म्हणजे इशाच्या (रात्रीच्या) नमाजनंतर नमाजच्या वीस रकाती (आवर्तनं) आणखी, आणि एरवी जी मुलं फक्त जुम्म्याला दिसतात ती पण रोज येतात. मशीद भरते, आणि भरलीच पाहिजे. पण नमाजच्या आधी हात-तोंड-पाय धुवायचे, म्हणजे वजू, ती करणार कुठे? जुन्या वजूखान्याची मागची भिंत गेल्या पावसात खचली, तो पाडावाच लागला. नवीन कामाचा पाया झाला, अर्ध्यापर्यंत चिरे चढले, गटार काढून झालं आणि पैसे संपले. आज माणसं अंगणात ठेवलेल्या दोन पिंपांतून तांब्याने पाणी घेतात आणि उभ्या उभ्या वजू करतात. तोंड, कोपरापर्यंत हात, डोक्याचा मसह (ओला हात फिरवणं) इथपर्यंत ठीक आहे, पण पाय घोट्यापर्यंत धुवायचे तर एका पायावर उभं राहावं लागतं, खाली शेवाळ. आपले एक चाचा असेच फजरला (पहाटेच्या नमाजला) अंधारात पडले, अल्लाहची मेहरबानी म्हणून हाड वाचलं. आता फजरला वृद्ध माणसं घरूनच वजू करून येतात, काही जण तर यायचेच बंद झालेत, आणि हे मला बघवत नाही.

पाण्याचं पण समजून घ्या. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१४ ते २०१६ मध्ये तो जून-जुलैत होता, बाहेर धो धो पाऊस, विहीर काठोकाठ, कोणाला पाण्याची आठवण पण झाली नाही. मग तो मे मध्ये आला, २०२० ला लॉकडाऊनमध्ये एप्रिल-मे, २०२४ ला मार्च-एप्रिल, आणि हेच महिने आपल्या विहिरीचा तळ दिसण्याचे. काही जण म्हणतात एवढी घाई कशाला, २०३० ला रमजान जानेवारीत येणार आणि त्याच वर्षी डिसेंबरात परत लागणार, तेव्हा विहिरीला पाणी असेलच. अरे पण नमाज काय फक्त रमजानची आहे का? ती बारा महिने, दिवसातून पाच वेळा. शिवाय रमजान ईद झाली की दोन महिने दहा दिवसांनी बकरी ईद, ती सध्या मे महिन्यात येते आणि २०३० ला एप्रिलात येईल. म्हणजे रमजान सुटला तरी बकरी ईद उन्हाळ्यात सापडतेच. नळाच्या जोडणीसाठी अर्ज दिलाय, पोच फाईलला लावलेली आहे, त्याच्या भरवशावर बसता येत नाही.

म्हणून १० हजार लिटरची टाकी, बसून वजू करता येईल असे चिऱ्याचे ओटे, आणि दाबला तरच पाणी येणारे नळ असं ठरवलंय. पैगंबर साहेब साधारण लिटरभर पाण्यात वजू करायचे आणि वाहत्या नदीवर बसलात तरी पाणी वाया घालवू नका अशी त्यांची शिकवण, आपण मात्र नळ सोडून गप्पा मारतो. वजूचं वापरलेलं पाणी पाईपने मागच्या माडांना आणि केळींना जाईल. पडदा लावून बाजूला दोन नळ बायकांसाठी, कारण हायवेवरून जाणाऱ्या फॅमिली गाडी थांबवून विचारतात आणि आपल्याला नाही म्हणावं लागतं, लाज वाटते. फोंड्याची साफा मशीद बघा, १५६० ची, आदिलशाही काळातली, तिच्या बाजूला केवढी मोठी चिऱ्याची तळी बांधलीय, आत भिंतींना कमानी. साडेचारशे वर्षांपूर्वी लोकांनी मशीद बांधताना पाण्याचा एवढा विचार केला. आपल्याला एक टाकी जमू नये?

आणि आपल्या वाड्याला हे जमतं, मी स्वतः बघितलंय. मशिदीची जागा भाटकारांच्या (जमीनदारांच्या) घराण्याने दिली, कागदावर एक पैसा न घेता, त्यांच्या घरी आजही ईदचा शीरखुर्मा सगळ्यात आधी जातो. विहीर वाड्यावरच्याच माणसांनी खणली, त्यात हिंदू पण होते, दिवसभर खाणीवर राबून रात्री पेट्रोमॅक्स लावून खणायचे असं माझे वडील सांगायचे. खाणीच्या मालाची ट्रक लाईन जोरात होती तेव्हा आपले ट्रकवाले महिन्याच्या पहिल्या ट्रिपचे पैसे मशिदीला द्यायचे, कोणी मागायला जात नव्हतं, वरच्या मजल्याचा स्लॅब त्या पैशांवर पडलाय. मग २०१२ ला खाणी बंद झाल्या, परत सुरू झाल्या, २०१८ ला परत बंद, कित्येकांचे ट्रक दारात गंजले, बँकेचे हप्ते डोक्यावर, आणि त्यातल्या एकाने ट्रक भंगारात घालून आलेल्या पैशांतून पण कमिटीला पाकीट आणून दिलं. मी नको म्हटलं तर ते रागावले. हाजीसाब आज नाहीत, अल्लाह त्यांची मगफिरत करो, त्यांनी आखाती देशांतल्या मुलांना एकेक फोन करून पंखे आणि इन्व्हर्टर मिळवून दिला. मागच्या आळीतल्या खालांनी हातातली सोन्याची बांगडी काढून दिली होती, त्यातून गालिचे आले, त्यांच्या घरची परिस्थिती सगळ्यांना माहीत आहे.

२०२० ला मशीद बंद, तरावीह घरोघरी, ईदची नमाज पण घरातच झाली, तेव्हा याच कमिटीने इफ्तारचे वाचलेले पैसे रेशनला लावले, गाड्या बंद म्हणून अडकलेल्या परप्रांतीय मजुरांना तांदूळ-डाळ-तेल पोचवलं, धर्म विचारला नाही. वाटपाला शेजारच्या गणपती मंडळाची पोरं आली होती, ईदला मंडप आणि खुर्च्या दरवर्षी त्यांच्याच येतात. पोदेर (पाववाला) रमजानमध्ये पावाची पाटी मगरीबच्या (सूर्यास्ताच्या नमाजच्या) आधी आणून देतो, एक दिवस उशीर केला नाही. चवथीला आपल्याकडे नेवऱ्या येतात, ईदला आपल्या शेवया जातात, हे चालूच आहे, चालूच राहणार इन्शाअल्लाह.

हे सगळं आठवून लिहितोय कारण मनाला थोडं लागलंय. गेल्या वर्षी हेच आवाहन ग्रुपवर टाकलं होतं. अंगठे आले, हात जोडलेले आले, माशाअल्लाह पण भरपूर आले. पैसे आले ते ठराविक घरांतून, जी घरं नेहमी देतात तीच. जुम्म्यानंतर मीटिंग ठेवली तर सलाम फिरवल्याबरोबर चपला शोधायची घाई, शेवटी बसलो ते कमिटीवालेच. नंतर मात्र काम का थांबलं म्हणून विचारणारे खूप भेटले. कमिटीतला एक पण माणूस पगार घेत नाही, सगळे आपापले धंदे-नोकरी सांभाळून करतात. हिशेबाबद्दल शंका असेल तर वही उघडी आहे, या आणि बघा, पण पाठीमागे बोलू नका.

आता एक महत्त्वाची गोष्ट, दरवर्षी गोंधळ होतो. बरेच जण रमजानमध्ये झकात काढतात आणि म्हणतात यातूनच वजूखान्याला घ्या. तसं घेता येत नाही. वर्षभर निसाबच्या (ठरलेल्या किमान मर्यादेच्या) वर राहिलेल्या मालावर अडीच टक्के झकात, आणि ती कोणाला द्यायची हे कुरआनात सूरह तौबामध्ये ठरवून दिलंय, गरीब, मिस्कीन (अगदीच निराधार), कर्जात बुडालेला, प्रवासात अडकलेला असे आठ प्रकार. आपल्या हनफी पद्धतीत ती गरजवंताच्या हातात, त्याच्या मालकीची करून द्यावी लागते, भिंत किंवा टाकी तिची मालक होऊ शकत नाही. पंगतीच्या इफ्तारला पण आपण झकात वापरत नाही. फित्र्याचं (रमजान ईदच्या दानाचं) पण तसंच, माणशी साधारण पावणेदोन किलो गहू किंवा तेवढी किंमत, घरातल्या लहान मुलांचा पण, आणि ईदच्या नमाजच्या आधी द्या म्हणजे गरिबाच्या घरी पण त्या दिवशी गोड शिजेल, नमाज झाल्यावर पाकीट घेऊन धावत येऊ नका. वजूखान्याला आणि इफ्तारला पाहिजे तो लिल्लाहचा पैसा, म्हणजे अल्लाहसाठी स्वखुशीने, मनापासून दिलेला. म्हणून पाकिटावर झकात, फित्रा की लिल्लाह हे स्पष्ट लिहा, आम्ही तिन्ही वेगळं ठेवतो. शेजाऱ्यांनी दिलेलं पण लिल्लाहमध्ये जमा करतो, काही जणांनी चालेल का म्हणून विचारलं होतं. चालतं, आनंदाने घेतो.

इफ्तारचं पण सांगतो. आपल्या पंगतीत जास्त करून बाहेरचेच असतात, कर्नाटक-यूपी-बिहारचे गवंडी, सेंटरिंगवाले, बसचे ड्रायव्हर, ज्यांना खोलीवर जाऊन रोजा सोडायला कोणी नाही. दिवसभर उन्हात काम करून रोजा धरतात. त्यांना खजूर, कलिंगड, सरबत, भजी-पाव आणि नमाजनंतर पोटभर बिर्याणी किंवा डाळ-भात मिळालाच पाहिजे, यात काटकसर करायची नाही असा कमिटीचा ठराव आहे.

बाकी थोडक्यात : वजूखान्याचा एकूण अंदाज ४ लाख ६० हजार, जमा १ लाख ८५ हजार, कमी पडतात २ लाख ७५ हजार. एक नळ ओट्यासकट ९ हजार (एकूण १४, त्यातले ५ गेले), टाकी कोणी पूर्ण देत असेल तर लगेच कळवा, पत्रे आणि पंप अजून बाकी. एक दिवसाची इफ्तार ६ हजार, अर्धी पण घेता येते, शेवटच्या दहा दिवसांच्या तारखा लवकर संपतात. सिमेंट, रेती, खजूर, तांदूळ, तेल वस्तुरूपात चालेल. पैसे खजिनदारांकडे किंवा मशिदीतल्या बोर्डावरच्या क्यूआरवर, पावती घेतल्याशिवाय कोणाच्या हातात देऊ नका. परदेशातल्यांनी घरच्यांमार्फत द्या. तरावीहच्या हाफिजसाहेबांच्या (ज्यांना कुरआन पाठ आहे त्यांच्या) राहण्याची सोय झालीय, जेवणाचे डबे कोण कधी देणार ते इमामसाहेबांना सांगा. पैसे नसतील त्यांनी हात द्या, येत्या रविवारी सकाळी ८ वाजल्यापासून श्रमदान, घमेलं-फावडं असेल तर आणा, चहा-नाश्ता कमिटीचा.

आपला,
सेक्रेटरी, मशीद कमिटी

ता.क. जुन्या वजूखान्याचे चांगले चिरे मागे रचून ठेवलेत ते ओट्यांना लागणार आहेत, कृपा करून कोणी नेऊ नका.